‘कारण अनिश्चित’ या निर्णयाच्या बाजूनं

अमेरिकेच्या थंड प्रांतांत हिवाळा जवळ आला की ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची फिरती घरं, कुंपणाच्या आवारात ओळीनं उभी करून ठेवतात. नळांतलं पाणी काढून टाकतात, गॅसच्या टाक्यांचे कॉक बंद करतात, दाराला कुलूप लावतात आणि थंडी सरेपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. अशा एखाद्या ट्रेलरला रात्री आग लागते. पातळ प्लायवूडच्या भिंती, फोम, गाद्या, पडदे यांचं ते घर. बंब पोचेपर्यंत बहुतेक संपलेलं असतं. सकाळी तपासनीसासमोर उरतो तो लोखंडी सांगाडा, जमिनीवर ओघळून गोठलेलं ॲल्युमिनियम, फ्रिजच्या वाकलेल्या नळ्या आणि आवरण जळून उघड्या पडलेल्या तांब्याच्या तारा. आत माणूस नव्हता, चूल पेटलेली नव्हती, पाहणारं कोणी नव्हतं. मालक, विमा कंपनी, आवाराचा चालक आणि शेजारच्या काळवंडलेल्या ट्रेलरचा धनी हे सगळे एकच विचारतात: कशामुळे लागली? आणि या प्रश्नाच्या पाठोपाठ, किंबहुना त्याला ढकलतच, दुसरा प्रश्न येतो: कोणामुळे? माझं म्हणणं असं, की अशा आगीत पुष्कळदा पहिल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘कारण अनिश्चित’ हेच असतं; ते तपासाचं अपयश नसून तपासाचा निष्कर्ष असू शकतं; आणि ते टाळून दुसऱ्या प्रश्नाकडे धावणं ही तर्काची चूक तर आहेच, पण नीतीचीही आहे. धूर आणि अग्नी या जोडीवर आपल्याकडच्या दर्शनांनी दीड-दोन हजार वर्षं वाद घातला आहे. त्या वादातली हत्यारं या कोळशाच्या ढिगाऱ्यात चांगली चालतात.

मुळात कारण म्हणायचं कशाला? जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञानं १९६५ साली कार्यकारणावर एक निबंध लिहिला आणि त्यात उदाहरण घेतलं ते घराला लागलेल्या आगीचंच. तज्ज्ञ सांगतात, शॉर्टसर्किटमुळे आग लागली. पण शॉर्टसर्किट पुरेसं नव्हतं, कारण शेजारी पेटणारं काही नसतं तर ते ठिणगीपाशीच थांबलं असतं. ते अनिवार्यही नव्हतं, कारण घर इतर कशानंही पेटलं असतं. ते एका जुळणीतला आवश्यक घटक होतं, आणि ती जुळणी एकत्र येणं आग लागायला पुरेसं होतं, इतकंच. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, याच जुळणीला सामग्री म्हणतात: सगळी कारणं जमली की कार्य टळत नाही, एक जरी कमी असलं तरी ते होत नाही. पण सामग्रीत सगळ्यांना सारखा मान नाही. घड्याच्या बाबतीत कुंभार, चाक, माती ही कारणं. माती वाहून आणणारं गाढव मात्र नाही. ते तिथे हजर असतं, घड्याच्या आधी असतं, तरीही ‘अन्यथासिद्ध’ ठरतं, कारण त्याच्याशिवाय घडा होऊ शकतो. ट्रेलरच्या आगीत अशी गाढवं भरपूर असतात. आदल्या आठवड्यात मालक येऊन गेला होता. आवाराच्या चालकाशी भाड्यावरून त्याची बाचाबाची झाली होती. ट्रेलरचा हप्ता थकला होता. हे सगळं आगीच्या आधीचं आहे आणि यातलं काहीही आगीचं कारण असायलाच हवं असं नाही. हप्ता थकल्यानं लाकूड पेटत नाही. नागार्जुनानं तर मूलमध्यमककारिकेत अग्नी आणि इंधन यांच्यावर एक अख्खं प्रकरण खर्च केलं आणि दोघांनाही स्वतंत्र अस्तित्व नाकारलं. पण तपासनिसाला तितकं लांब जाऊन चालणार नाही, त्याला संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा असतो.

खरी गोम आहे ती खुणांमध्ये. डोंगरावर धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं आपण म्हणतो ते कोणत्या जोरावर? बौद्ध तार्किक दिङ्नागानं हेतूला, म्हणजे खुणेला, तीन कसोट्या लावल्या. ती खूण प्रस्तुत जागी हवी, जिथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नक्की आहे अशा दुसऱ्या जागी दिसायला हवी, आणि जिथे साध्य नक्की नाही तिथे ती मुळीच दिसता कामा नये. या तिसऱ्या जागेला विपक्ष म्हणतात, आणि विपक्ष तपासायचा कंटाळा हा माणसाचा फार जुना आजार आहे. अमेरिकेत कित्येक वर्षं आगीचे तपासनीस काचेवरच्या बारीक, जाळीदार तड्यांकडे बोट दाखवून सांगत, की आग झपाट्यानं तापली, म्हणजे पेट्रोलसारखं काही ओतलं असणार. तोच न्याय वितळलेल्या तांब्याला, पलंगाच्या बसलेल्या स्प्रिंगांना. १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि हजारो घरं भस्म झाली. त्यांतल्या ५० घरांचे अवशेष जॉन लेंटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. इथे आग बाहेरून, वणव्यानं आलेली. घरोघर कोणी पेट्रोल ओतत हिंडलं नव्हतं. तरीही वितळलेलं तांबं सापडलं, बसलेल्या स्प्रिंगा सापडल्या, तडकलेल्या काचा सापडल्या. पुढे प्रयोगशाळेत दिसलं, की काच कितीही वेगानं तापवली तरी ती तशी तडकत नाही; तापलेल्या काचेवर पाणी पडलं की तडकते. म्हणजे ज्या खुणेवरून माणसं तुरुंगात जात होती ती खूण आगीच्या वेगाची नव्हती, बंबाच्या पाण्याची होती. दिङ्नागाच्या भाषेत, ती विपक्षात सापडणारी, व्यभिचारी खूण होती. ओकलंड हा विपक्ष निसर्गानं आयता मांडून दिला, तोवर तो कोणी मांडून पाहिलाच नव्हता.

त्याच वर्षी, २३ डिसेंबरला, टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावात कॅमेरन टॉड विलिंगहॅम याच्या घराला आग लागली आणि त्याच्या तीन लहान मुली गेल्या. तडकलेली काच, जमिनीवरचे जळके डाग अशा खुणांवरून तपासनिसांनी आग लावल्याची साक्ष दिली. १७ फेब्रुवारी २००४ ला विलिंगहॅमला मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर टेक्सासच्या न्यायवैज्ञानिक आयोगासाठी क्रेग बेलर या आग-तज्ज्ञानं पुरावा पुन्हा तपासला, तेव्हा आग लावली गेली या निष्कर्षाला वैज्ञानिक आधार नव्हता असा अहवाल त्यानं २००९ साली दिला. खोली एका मर्यादेपलीकडे तापली की तिच्यातलं सगळं जवळपास एकदम पेटतं, आणि मग जमिनीवरही तसे डाग उमटतात. त्यासाठी कोणी काही ओतावं लागत नाही. ट्रेलर ही तर एक छोटी खोलीच. तिथे ही अवस्था यायला वेळ लागत नाही.

ट्रेलरमधली तार जरा जवळून पाहू. जळलेल्या तारेच्या टोकाला तांब्याचा वाटाणा दिसला, की पाहणारा म्हणतो: बघा, इथे ठिणगी पडली. पडलीही असेल. पण विजेच्या तारेवरचं आवरण आगीनं जळालं आणि तार तेव्हा जिवंत असली, तरी असाच वाटाणा तयार होतो. तारेनं आग लावली की आगीनं तार वितळवली, हे नुसत्या वाटाण्याकडे पाहून खात्रीनं सांगता येत नाही. ट्रेलरमध्ये तर आणखी एक घोळ आहे. त्याचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ अंशांना. पण वितळलेलं ॲल्युमिनियम तारेवर ठिबकलं तर दोघांचा मिश्रधातू होतो आणि तो ५४८ अंशांच्या आसपासही पातळ राहू शकतो. मग तांबं स्वतःच्या वितळणबिंदूच्या कितीतरी आधी खड्डे पडून तुटतं आणि वरवर पाहणाऱ्याला ते विजेचं काम वाटतं. धूर आणि अग्नी यांच्या चर्चेत नैयायिक ज्याला उपाधी म्हणतात, ती ही. अग्नी आहे म्हणून धूर असायलाच हवा असं नाही. इंधन ओलं असलं तरच धूर. ओल्या इंधनाची ती अट ज्याच्या लक्षात आली नाही, तो प्रत्येक अग्नीपाशी धूर शोधत बसेल. इथे ठिबकलेलं ॲल्युमिनियम हे ओलं इंधन आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आग विझायच्या आधीच ‘शॉर्टसर्किटमुळे’ असं छापून येतं, तेव्हा हा सगळा प्रपंच कोणी केलेला नसतो, हे वेगळं सांगायला नको.

खुणा दगा देतात म्हटल्यावर माणूस वगळण्याच्या वाटेनं जातो. उभ्या ट्रेलरच्या बाबतीत ही वाट फारच मोहक वाटते. स्वयंपाक चालू नव्हता, हीटर बंद होता, गॅस बंद होता, बॅटरीचा मेन स्विच बंद होता, अपघाताची सगळी कारणं गेली, उरलं काय? कोणीतरी लावली. या पद्धतीला अमेरिकेतल्या तपासाच्या वर्तुळात ‘निगेटिव्ह कॉर्पस’ म्हणत, आणि तिच्या जोरावर वर्षानुवर्षं निकाल लागले. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ‘एनएफपीए ९२१’ या मार्गदर्शिकेनं, जी १९९२ साली पहिल्यांदा निघाली, २०११ च्या आवृत्तीत ही पद्धत वैज्ञानिक रीतीत बसत नाही असं स्पष्ट म्हटलं. यावर न्यायशास्त्राचा अभ्यासक हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे: शेषवत् अनुमान, म्हणजे बाकीचं वगळून उरेल ते स्वीकारणं, तर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन यालाही मान्य आहे. शब्द हा द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण आहे, असं वगळत वगळतच तो सिद्ध करतो. मग तपासनिसानं तेच केलं तर बिघडलं काय? बिघडलं ते असं, की वात्स्यायनाची यादी बंद होती. पदार्थांची संख्या त्याच्या दर्शनानं आधीच ठरवलेली होती. ट्रेलरमधल्या संभाव्य कारणांची यादी अशी बंद नाही. मेन स्विच बंद केला तरी गॅसगळती सांगणारं यंत्र पुष्कळदा थेट बॅटरीला जोडलेलं असतं. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारा आपत्कालीन स्विचही तसाच, सुरक्षेसाठी मुद्दाम थेट जोडलेला. हिवाळ्यात उंदीर आत शिरून तारांची आवरणं कुरतडतात. जवसाच्या तेलानं फर्निचर पुसलेल्या चिंध्या कपाटात गोळा करून ठेवल्या तर काडी न लावताही आतल्या आत तापून पेटू शकतात. ‘सगळं बंद होतं’ या वाक्यातलं ‘सगळं’ कुणी मोजलेलं नसतं.

याहून खोल अडचण मीमांसकांनी आणि नैयायिकांनी वेगळ्याच संदर्भात पाहून ठेवली आहे. एखादी वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही, असं कधी म्हणता येतं? जमिनीवर घडा असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. ही योग्य अनुपलब्धी. पण खांबावर पिशाच दिसत नाही म्हणून तिथे पिशाच नाही असं त्यांच्या मते म्हणता येत नाही, कारण पिशाच असतं तरी दिसलं नसतं. न दिसण्याला पुराव्याची किंमत येते ती वस्तू दिसण्याजोगी असली तरच. आता जळालेल्या ट्रेलरकडे पाहा. कुरतडलेलं आवरण, तेलाची चिंधी, ढिला झालेला स्क्रू, प्लॅस्टिकच्या खोक्यातला चार्जर: यांतली बहुतेक कारणं आग लावतात आणि त्याच आगीत स्वतः जळून जातात. ती सापडली नाहीत, यातून ती नव्हती असं निघत नाही. ती असती तरी सापडली नसती. म्हणजे ट्रेलर जितका जास्त जळालेला तितका ‘काहीच सापडलं नाही’ या वाक्याचा अर्थ कमी, आणि गंमत अशी की माणसाच्या मनात त्याचा जोर तितकाच वाढतो. शिवाय आग नेमकी कुठून सुरू झाली हेच कळत नसेल तर काय वगळायचं आणि कुठून वगळायचं? २००५ साली लास व्हेगासमध्ये एका प्रशिक्षणात खोल्या मुद्दाम पेटवून, सगळं एकदम पेटल्यानंतर सुमारे दोन मिनिटं जळू दिल्या आणि तपासनिसांना विचारलं, आग खोलीच्या चारांपैकी कोणत्या भागात सुरू झाली? ५३ जणांपैकी फक्त ३ जणांचं उत्तर बरोबर आलं. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी तेराएक जणांचं आलं असतं.

इथे व्यवहारी माणूस म्हणेल, हे सगळं पंडितांना शोभतं. जगाला निर्णय हवा. न्यायसूत्रांतही संशय हा सोळा पदार्थांपैकी एक आहे खरा, पण तो तिसरा, आणि पुढे नववा निर्णय आहेच. संशयावर मुक्काम करायला कोणी सांगितलं? मान्य. पण सूत्रकारांच्या लेखी निर्णय म्हणजे दोन्ही पक्ष तोलून झालेली निश्चिती. तोलायला एका पारड्यात काहीच उरलेलं नसताना दुसरं पारडं खाली गेलं, म्हणून ती निश्चिती होत नाही. आगीच्या वर्गीकरणात अपघाती, नैसर्गिक, लावलेली आणि अनिश्चित असे चार खण असतात. चौथा खण रिकाम्या जागी भरतीला ठेवलेला नाही. तिथे पोचायलाही तितकीच राख चाळावी लागते.

याहून वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. प्रत्येक आगीवर ‘अनिश्चित’ लिहिलं, तर सदोष यंत्रं बाजारात तशीच राहतील आणि पुढचा ट्रेलर आत माणसं झोपलेली असताना पेटेल. २००६ साली एका मोठ्या कंपनीला ट्रेलरमधले नऊ लाखांहून अधिक फ्रिज परत मागवावे लागले: अमोनिया आणि हायड्रोजन खेळवणाऱ्या त्यांच्या बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आतलं द्रावण ज्योतीपाशी येण्याचा धोका होता. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मताच्या बाजूनं जातो. एकेका आगीत जे सिद्ध होत नाही ते अनेक आगी शेजारी ठेवल्या की दिसू लागतं. व्याप्ती, म्हणजे खूण आणि साध्य यांची न चुकणारी सोबत, पुनःपुन्हा पाहूनच कळते. पहिल्या दहा अहवालांत तपासनिसांनी घाईनं ‘मालकानं लावली’ असं लिहून ठेवलं, तर अकराव्याला नळीचा तडा दिसेलच कशाला? ‘अनिश्चित’ लिहिलेला अहवाल पुन्हा उघडता येतो, चुकीचं नाव लिहिलेला बंद होतो. आणि सावधगिरीला निश्चिती लागत नाही. फ्रिज परत मागवायला नुसता संशय पुरतो, माणसाला गुन्हेगार म्हणायला तो पुरू नये.

उरतो धार्मिक माणसाचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत रंजक वाटतो. तो म्हणेल, अकारण काहीच घडत नाही. ज्याचा ट्रेलर जळाला त्याचं काही देणं असेल. मिलिंदपन्ह या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला गोष्ट सांगतो: एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवायला बसतो, दिव्यानं छपराचं गवत पेटतं, गवतानं घर, घरानं गाव. गावकऱ्यांनी धरल्यावर तो म्हणतो, मी ज्या ज्योतीच्या उजेडात जेवलो ती वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. राजा म्हणतो, दोष त्याचाच, कारण ही आग त्या ज्योतीतूनच निघाली. कर्माची जबाबदारी पुढे कशी चालते हे सांगायला गोष्ट चोख आहे. पण तिच्यात दिव्यापासून गावापर्यंतचा प्रत्येक दुवा ऐकणाऱ्याला माहीत आहे. वाद जबाबदारीचा आहे, घटनाक्रमाचा नाही. कुलूपबंद ट्रेलरमध्ये नेमका तो क्रमच हरवलेला असतो, आणि कर्माचा सिद्धान्त तो शोधून देत नाही. सगळ्या आगींना सारखंच लागू पडणारं उत्तर ही आग आणि ती आग यांत फरक करू शकत नाही. वैशेषिक सूत्रांनी तर अग्नीची ज्वाळा वर का जाते याचंही कारण ‘अदृष्ट’ असं दिलं, आणि लोहचुंबकाकडे सुई का सरकते त्याचंही तेच. त्या काळी ते प्रामाणिक होतं: कारण आहे, पण दिसत नाही. आज आपल्याला माहीत आहे की तापलेला वायू हलका होऊन वर चढतो, आणि भिंतीवर त्याची जी खूण उमटते तीच तपासनीस वाचतो. अदृष्टाची जागा रिकामी ठेवली होती म्हणून पुढे ती खऱ्या कारणानं भरता आली. त्याच जागी पूर्वजन्मीचं पाप किंवा थकलेला हप्ता आणून बसवला की शोध थांबतो.

शेवटी प्रश्न राहतो तो पैशाचा, आणि तत्त्वज्ञानानं तिथून पळ काढू नये. कारण अनिश्चित असेल तर नुकसान कोणी सोसायचं? माझ्या मते उत्तर सरळ आहे. विमा कंपनीनं हप्ता घेतला तो अनिश्चिततेचाच. आग कशी लागेल हे आधी ठाऊक असतं तर विम्याचा धंदाच चालला नसता. मालकानं आग लावली असं कंपनीला म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार अमेरिकी न्यायालयंही तिच्यावरच टाकतात. नुसतं ‘दुसरं काही सापडलं नाही’ म्हणून तो भार उतरत नाही. चौथ्या खणात खूण झाली असेल, तर कंपनीनं पैसे द्यावेत.